डब्याला कान लावणारी व्हिसिंग

बंद डब्यातला मासा तुम्ही कधी कानाने निवडलाय? नाही ना? तुम्ही चित्र बघता. वर लालबुंद टोमॅटो, हिरवं पान आणि चमचमती तारली दिसली की डबा पिशवीत पडतो. लेबलावर चित्र काढणाऱ्याने जन्मात कधी डबा भरलेला नसतो, आणि जी भरते तिला लेबलाबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून ही गोष्ट डबा भरणारीची आहे.

तिचं पूर्ण नाव व्हिसितासियोन आल्काराझ. एवढं लांब नाव फक्त पाद्रीबाबा आणि दवाखान्यातले लोक घेतात, बाकी सगळ्यांची ती व्हिसिंग. पूर्वेकडच्या बेटांवरच्या झांबोआंगा शहरातून पश्चिमेला समुद्राकडेने जो रस्ता जातो त्याला मासे डब्यात भरायचे कारखाने ओळीने उभे आहेत. त्यातल्या एकात व्हिसिंगने सत्तावीस वर्षं काढली. त्यातली पहिली अठरा भरणीच्या टेबलावर गेली. डोकं उडवलेली तारली घ्यायची, एकीचं शेपूट दुसरीच्या मानेशी लावायचं, दाबायचं नाही आणि मोकळंही सोडायचं नाही. एका डब्यात पाच. चार बसवलेला डबा सरकत्या पट्ट्यावर गेला तर मुकादमीण बोंब मारायची, आणि तिच्याही आधी व्हिसिंग बोंब मारायची. पायात रबरी बूट, बुटात बर्फाचं पाणी, आणि हाताला असा वास की लग्नात वधूला मिठी मारताना हात मागे धरावे लागत.

पुढची नऊ वर्षं ती रसाच्या हौदावर होती. टोमॅटोचा गोळा, पाणी, मीठ, साखर आणि कंदाचं पांढरं पीठ हे सगळं हौदात पडायचं. टोमॅटो महाग आणि पीठ स्वस्त. रस ताटात पडल्यावर पाण्यासारखा पळू नये, पाहुण्यासारखा बसून राहावा, म्हणून पीठ. ते पोतं फोडून हौदात ओतण्याचं काम व्हिसिंगचं. कुठल्या मालाला किती पीठ आणि कुठल्याला अजिबात नाही, हे तिला चिठ्ठी न बघता पाठ होतं. एकाच पट्ट्यावरून उतरलेल्या डब्यांना वेगवेगळी लेबलं चिकटताना तिने रोज पाहिलेली, त्यामुळे लेबलावर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. ती डबा कानाशी धरून एकदाच हलवायची. पिठाचा रस उशिरा आणि जड बोलतो, डुब्. तेल मऊ बोलतं, लुप्. नुसतं मिठाचं पाणी असेल तर ते लगेच खळ्ळ करतं. दुपारच्या सुट्टीत बायका पैज लावून तिला डबे द्यायच्या आणि हरायच्या.

तिला या गोष्टीचा गर्व होता. का नसावा? कुणाला सोन्याची पारख असते, हिला डब्याची होती.

कारखाना सोडून दोन वर्षं झाली तेव्हा एकसष्टाव्या वर्षी तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. चपलेत एक खडा शिरला होता. तो दिवसभर रुतत राहिला आणि तिला कळलाच नाही, कारण रक्तातल्या साखरेने पायातली जाण कधीच मारून टाकली होती. गोळ्या ती घ्यायची, पण आठवेल तेव्हा. महिन्याभराने अंगठ्याची एक बाजू जांभळी पडली, आणि सून जेनेलिन तिला जवळजवळ फरफटत डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होता, पण त्याने लपवाछपवी केली नाही. "सहा आठवडे," तो म्हणाला. "गोळ्या वेळेवर घ्यायच्या, मलमपट्टी रोज करायची आणि साखर खाली आणायची. ती उतरली तर जखम भरेल. नाही उतरली तर अंगठा काढावा लागेल. आणि अंगठ्यावरच थांबेल असं मी लिहून देणार नाही."

व्हिसिंगने हे आधी पाहिलं होतं. तिच्या आईचं आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय, आणि मग आईच गेली. सत्तावीस वर्षं उभं राहून पोट भरलेल्या बाईला पाय जाणं म्हणजे काय, हे समजवायला वेगळा डॉक्टर लागत नाही.

वाडीतली आरोग्यसेविका क्रिसांता दुसऱ्याच दिवशी पत्रक घेऊन आली. रंगीत, गुळगुळीत कागद होता. वर लिहिलेलं: भात, पाव, गोड बंद करा; मासे, अंडी, पालेभाज्या खा. आणि खाली चित्रं: सामन मासा, ऑलिव्हचं तेल, बदाम, आवोकादो.

"सामन?" व्हिसिंगने कागद लांब धरला. "हा मासा आमच्या समुद्रात दिसला तर तो वाट चुकलाय असं समजून आम्ही पोलिसात देऊ."

"मानांग, ते नुसतं उदाहरण आहे," क्रिसांता म्हणाली. तिकडे वयाने मोठ्या बाईला मानांग म्हणतात, आपल्याकडच्या ताईसारखं. "आवोकादो तर आहे ना आपल्याकडे."

"आहे की. दूध आणि दोन चमचे साखर घालून मस्त लागतो."

"तसा नाही खायचा!"

"मग काय मीठ लावून खाऊ? फळाला? देव बघतोय, क्रिसांता."

क्रिसांताने पत्रक घडी करून पिशवीत परत टाकलं. ही पोरगी शहाणी, कागदाशी भांडत बसली नाही. "हे बघ मानांग, भात सोड. मासा खा, अंडी खा, शेवग्याचा पाला खा, कारलं खा. ताजा मासा आत्ता परवडणार नाही हे मला माहीत आहे. डब्यातला चालेल. पण डबा बघून घे, टोमॅटोच्या रसात साखर आणि पीठ असतं म्हणे."

"म्हणे?" व्हिसिंगच्या नाकपुड्या फुगल्या. "म्हणे म्हणतेस मला? तू शाळेत शेंबूड पुसत होतीस तेव्हा मी ते पीठ ओतत होते!"

ताजा मासा न परवडण्याचं कारण असं की नोव्हेंबर अर्धा झाला होता. तेव्हापासून तीन महिने तिथे तारली धरायला बंदी असते. तारलीचा अंडी घालायचा काळ असतो तो. होड्या वाळूवर पालथ्या पडतात, कारखान्यांच्या चिमण्या गप्प होतात, भरणीच्या बायका घरी बसतात. बाजारात जो काही दुसरा मासा येतो त्याच्याकडे लांबूनच बघायचं. त्या दिवसांत सगळी वाडी डब्यावर जगते.

म्हणजे अंगठा वाचणार असेल तर डब्यानेच वाचणार होता. आणि डबा निवडण्यात व्हिसिंगचा हात धरणारी बाई त्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती.

ती लंगडत पुरिताच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे घराचीच एक खिडकी, तिला तारेची जाळी, समोर बाक. पुरिता अठरा वर्षं भरणीच्या टेबलावर व्हिसिंगच्या समोर उभी होती. शिवाय व्हिसिंगच्या मुलाची ती बाप्तिस्म्यातली धर्ममाता, त्यामुळे दोघी एकमेकींना 'मारे' म्हणत. तिकडे विहिणीपेक्षाही जवळचं नातं ते, आणि भांडायला त्याहून मोकळं.

"मारे, सगळे डबे काढ."

"सगळे? घरात लग्न काढलंस का?"

"काढ तर."

पुरिताने डबे एकेक करून जाळीखालच्या फटीतून पुढे सरकवले. व्हिसिंग प्रत्येक डबा कानाशी नेऊन हलवायची आणि बाजूला ठेवायची. बाकावरच्या बायका बघत होत्या.

"डबा घेतेस का नवरा निवडतेस?" पुरिता म्हणाली.

"नवरा असा हलवून घेतला असता तर बरं झालं असतं."

"तुझा तेयोंग हलवला असता तर आत नुसती माडीच वाजली असती."

बाकावरच्या बायका खिदळल्या. व्हिसिंगही हसली. तेयोंगला जाऊन सहा वर्षं झाली होती. आता त्याच्यावर हसता येत होतं.

"हा ऐक," ती म्हणाली. "डुब्. हाक मारली की उशिरा ओ देतो. पीठ आहे याच्यात. हा पण तसलाच. हा... लुप्. तेल. चालेल, पण रोजचं नाही परवडायचं." तिचा हात मागच्या रांगेतल्या एका धुळकट डब्यावर गेला. खळ्ळ. "हा! मीठ आणि पाणी. दुसरं काही नाही. असे किती आहेत?"

"आत अख्खं खोकं पडलंय. कुणी घेत नाही. आत रस नाही, भात कशात कालवायचा?"

"मला भात कालवायचाच नाहीये."

पुरिताचे हात थांबले. "अजिबात नाही?"

"अजिबात."

"मग मासा खाणार कशाशी?"

व्हिसिंगने तीन डबे पदराआड धरावेत तसे छातीशी धरले आणि घरी आली. पण प्रश्न तिच्या मागोमाग घरात शिरला.

कारण तिकडे मासा खातात तो भाताशी. तो तोंडी लावायला असतो, पोट भरायला नसतो. पोट भाताने भरायचं. भाताशिवाय नुसता मासा मटकावणं याला तिकडे एक खास शब्द आहे, पापाक. लहान पोराने ताटातला मासा नुसताच उचलला की आई हातावर चापट मारते: पापाक करू नकोस! कारण डबा एक आणि तोंडं पाच-सहा. एकाने पापाक केलं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास गेला. ती नुसती हावरटपणाची खूण नाही, घरातली चोरी आहे. व्हिसिंगने आयुष्यभर एक डबा सहा ताटांना पुरवला. लसूण-कांद्याची फोडणी, डबाभर तारली, चार डबे पाणी, शेवग्याचा पाला आणि वरून मूठभर मिसुआ. मिसुआ म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक शेवया. त्या फुगतात, रस्सा दाट होतो आणि पातेलं भरल्यासारखं दिसतं. गरिबाच्या घरात पातेलं भरल्यासारखं दिसणं ही अर्धी तृप्ती असते.

घरात जेनेलिन, तिची तीन पोरं आणि व्हिसिंग. मुलगा समुद्रापलीकडच्या देशात, सांडाकानला, बांधकामावर. पहिल्या दुपारी जेनेलिनने सगळ्यांना भात वाढला, सासूच्या ताटात मात्र भात न घालता दोन अख्ख्या तारल्या ठेवल्या. थोरली नात एला, आठ वर्षांची, त्या दोन तारल्यांकडे बघत राहिली. हपापून बघत होती असं नाही, नुसती बघत होती. तिच्या स्वतःच्या ताटात अर्धी होती.

हिच्या बापाच्या हातावर मी किती चापट्या मारल्या, व्हिसिंगच्या मनात आलं. तिने एक तारली उचलून एलाच्या ताटात टाकली. दुसरीतली अर्धी धाकट्याला दिली. मग भूक काही गप्प बसेना, म्हणून पातेल्यातला रस्सा वाटीभर घेतला. रस्सा म्हणजे काय जेवण असतं? भाताचं शीत त्यात नव्हतं. तिने दुसरी वाटी घेतली.

असं तीन आठवडे चाललं. गोळ्या वेळेवर, मलमपट्टी रोज, भाताचा एक दाणा नाही. डबा रोज कानाने तपासलेला. व्हिसिंगने असा नेम आयुष्यात पाळला नव्हता. उपासाच्या शुक्रवारीसुद्धा नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी क्रिसांता तिचं यंत्र घेऊन आली. बोटाला टोचलं, थेंब पट्टीला लावला. पहिल्या वेळी उपाशीपोटी दोनशे एक्क्याण्णव होती. आता दोनशे चौऱ्याऐंशी.

"यंत्र बिघडलंय," व्हिसिंग म्हणाली.

"नाही, मानांग. सकाळपासून सहा जणांची तपासली."

"मग सहाही जणांची चुकीची तपासलीस!"

"पुन्हा बघू का?"

पुन्हा बघितलं. दोनशे शहाऐंशी. व्हिसिंग ताडकन उठली, दुखऱ्या पायाने उठली म्हणून कळवळली आणि तरीही थेट पुरिताच्या दुकानावर गेली. क्रिसांता मागे धावली.

"मारे! डबे कुठून आणतेस तू? मला काय दिलंस?"

"मी दिलं? तूच हलवून हलवून नेलेस! माझं सगळं दुकान हलवलंस!"

"माझा कान खोटा नाही!"

"मग माझा डबा खोटा?"

"फोड. आत्ताच्या आत्ता इथे फोड."

पुरिताने रागाने डबा फोडला आणि त्यातलं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं. बाकावरच्या बायका पुढे वाकल्या. पाणी जवळजवळ नितळ होतं, वर तारलीच्या तेलाचे चार थेंब. व्हिसिंगने बोट बुडवून चाटलं. मीठ. दुसरं काही नाही.

"बघा!" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद नव्हता. कान खरा ठरला होता, म्हणजे आता दोष द्यायला काहीच उरलं नव्हतं. "रोज हाच डबा. रोज!"

"मग रोज पातेल्यात काय शिजतं, तेही दाखव," क्रिसांता म्हणाली.

घर चार पावलांवर होतं. पुरिता दुकान बाकावरच्या बायकांवर सोपवून मागोमाग आली. चुलीवर सकाळचं पातेलं होतं, गार झालेलं. व्हिसिंगने झाकण काढलं आणि दाखवायला म्हणून पातेलं दोन्ही कडांना धरून हलवलं.

डुब्.

उशिरा आणि जड.

तिने पुन्हा हलवलं. पुन्हा तेच. मिसुआने सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. डाव मध्ये उभा राहिला असता. ज्या बाईने नऊ वर्षं पीठ ओतून हौदभर रस दाट केला, तिच्या स्वतःच्या पातेल्यातला रस रोज तिच्यासमोर दाट होत होता.

"मिसुआ कशाची असते, मानांग?" क्रिसांताने हळूच विचारलं.

"मैद्याची," व्हिसिंग म्हणाली. मग पातेल्यात बघत म्हणाली, "पण तो तर रस्सा."

हसू नका. त्या वाडीत भात सोडलेल्या प्रत्येक घरात मिसुआचं पातेलं होतं. तिकडे अन्न म्हणजे भात, बाकी सगळं सोबतीला. भात सोडला म्हणजे सगळं सोडलं. शेवया, पाव, रताळं यांना कुणी जेवणात धरतच नाही.

"किती वाट्या घ्यायचीस?"

"दोन. कधी तीन."

"तीन! आणि मासा? मासा खाल्लास तर एवढी भूक राहील कशी?"

मोरीपाशी भांडी घासणारी जेनेलिन तिथूनच बोलली. वर न बघता, हातातली राख न धुता. सासूला ती नानाय म्हणते, म्हणजे आई. "नानाय मासा खातच नाहीत. रोज पोरांच्या ताटात टाकतात. मला दिसतं. मी बोलले नाही ही माझी चूक."

"मग काय करू?" व्हिसिंग कडाडली. "पोरांच्या समोर बसून पापाक करू? त्यांच्या बापाला मारून मारून शिकवलं आणि आता स्वतः थाटात अख्खा डबा गिळू? एकसष्ट वर्षांची घोडी मी, अंगठ्याचं काय घेऊन बसलात, गेला तर गेला!"

पुरिता कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"अठरा वर्षं," ती म्हणाली. "अठरा वर्षं माझ्यासमोर उभी राहून तू माझा जीव खाल्लास. पाच बसव, मारे. चार आहेत, मारे. परत काढ, मारे. तापात होते तेव्हासुद्धा माझा डबा तू पट्ट्यावरून मागे ओढलास. परक्याच्या डब्यात चार चालत नव्हते तुला. आणि स्वतःच्या ताटात अर्धा चालतो?"

व्हिसिंग पाटावर बसली आणि पातेल्याचं झाकण मांडीवर घेऊन रडली, मोठ्याने, लहान पोरासारखी. पुरिता शेजारी बसली आणि म्हणाली, "झाकण दे, वाकवशील."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेनेलिनने दोन डबे फोडले. ते तिने सासूच्या डोळ्यांसमोर, मुद्दाम आवाज करत फोडले. "हा टोमॅटोचा, पोरांचा. हा खारा, तुमचा. नीट बघून घ्या, नानाय. तुम्ही त्यांच्यातला खात नाही आहात." खाऱ्या डब्यातलं पाणी तिने ओतून टाकलं, कारण रक्तदाबाला तेवढं मीठ नको असं क्रिसांताने बजावलं होतं. शेवग्याचा पाला आणि एक अंडं परतून बाजूला ठेवलं. मग पाचही तारल्या सासूच्या ताटात मांडल्या, एकीचं शेपूट दुसरीच्या मानेशी.

व्हिसिंग ताटाकडे बघत राहिली. तीन पोरं व्हिसिंगकडे.

"लोला," एला म्हणाली. आजीला तिकडे लोला म्हणतात. "तू पापाक करणार?"

"हो," व्हिसिंग कशीबशी म्हणाली. "डॉक्टरने सांगितलंय. नाही केलं तर माझा अंगठा कापणार."

एलाने विचार केला. "आम्ही बघतोय म्हणून तुला खाता येत नाही का?"

व्हिसिंगने मान डोलावली.

"मग आम्ही नाही बघत," एला म्हणाली. ती आपलं ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मधली तिच्या शेजारी गेली. धाकट्याला काही कळलं नाही, पण त्या दोघी गेल्या म्हणून तोही गेला, आणि बसताना त्याचा अर्धा भात सांडला. तिघांच्या तीन पाठी रांगेत. धाकटा मध्येच मागे वळायला लागला की एला त्याची मान धरून भिंतीकडे फिरवायची.

व्हिसिंगने पहिली तारली उचलली. मग दुसरी. हसत होती, डोळे गळत होते, आणि ती खात होती. पाचही खाल्ल्या. साठ वर्षांत पहिल्यांदा तिला कळलं की तारलीला भाताशिवाय स्वतःची अशी चव असते. जरा गोडसर, काट्यापाशी तर लोण्यासारखी.

पुरिताकडे खारे डबे मात्र आता सात-आठच उरले होते, आणि रोज दोन फोडणं त्या घराला झेपणारं नव्हतं. ही गोष्ट बाकावरच्या बायकांनी वाडीभर नेली, जशा त्या सगळ्याच नेतात. बंदीचे दिवस, हाताला काम नाही, पगार नाही. प्रत्येकीकडे नाताळनिमित्त कारखान्याकडून मिळालेली पिशवी तेवढी होती: थोडा तांदूळ, साखर आणि टोमॅटोच्या तारलीचे डबे. आणि तरीही चौथ्या आठवड्यापासून व्हिसिंगच्या उंबऱ्यावर सकाळी एखादा डबा दिसायला लागला. आपल्या पिशवीतले टोमॅटोचे डबे पुरिताला द्यायचे, आणि पुरिताने शहरातून मागवलेला खारा डबा उचलून व्हिसिंगच्या दारात ठेवायचा, असं त्यांनी आपापसात ठरवलं होतं. ख्रिस्ती बायका ठेवायच्या तशा तौसुग जमातीच्या मुसलमान बायकाही ठेवायच्या. भरणीच्या टेबलावर त्या शेजारी उभ्या राहिलेल्या. कुणी नाव सांगितलं नाही. पण व्हिसिंगला कळायचं. डबा पुसून ठेवलाय का, सरळ ठेवलाय का, यावरून ती हात ओळखायची.

मी आजवर मोर्चे पाहिलेत, मागण्यांच्या याद्या पाहिल्यात, स्टेजवरून एकजुटीची भाषणं ऐकलीत. एकजूट म्हणजे काय ते मला उंबऱ्यावरच्या त्या डब्यांनी सांगितलं.

सहा आठवडे पुरे झाले त्या सकाळी साखर एकशे अठ्ठेचाळीस होती. क्रिसांताने दोनदा तपासली, या वेळी व्हिसिंगने न सांगता. डॉक्टरने अंगठ्याची पट्टी सोडली. नख गेलं होतं, टोकाचा थोडा भाग काळा पडून गळाला होता, पण खालचं मांस गुलाबी होतं, ताजं, बाळाच्या टाचेसारखं. "हा राहतोय," तो म्हणाला. "जपा मात्र. गोळ्या सोडू नका. काय खाल्लंत?"

"तारली," व्हिसिंग म्हणाली. "सामन वाट चुकला नाही."

डॉक्टरला काही कळलं नाही. क्रिसांताला कळलं आणि ती खोकल्याचं सोंग करून बाहेर पळाली.

परतताना व्हिसिंग ख्रिस्ती लोकांच्या पिलार मातेच्या उघड्या देवळाशी गाडीतून उतरली आणि तिने मेणबत्त्या लावल्या. एक पुरितासाठी, एक जेनेलिनसाठी, एक क्रिसांतासाठी, तीन छोट्या त्या तीन पाठींसाठी, आणि एक जाड मेणबत्ती त्या बायकांसाठी, ज्यांची नावं घेतली तर त्या रागावल्या असत्या. मेणबत्तीवाली म्हणाली, "एवढ्या? कोण मेलं का?" व्हिसिंग म्हणाली, "कुणी नाही मेलं. म्हणूनच."

तोंडाने आभार मानणं तिला कधी जमलं नाही. पुरिताला ती अजून एकदाही 'उपकार झाले' म्हणालेली नाही. पण दर शनिवारी सकाळी ती त्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसते. साखरवाली माणसं येतात, आता पलीकडच्या वाड्यांतूनही येतात. व्हिसिंग डबा कानाशी धरते, हलवते आणि सांगते: हा घे, हा नको. कडेच्या शिवणीवर पोचा पडलेला असेल, म्हणजे आत हवा शिरू शकते, तर तो डबा ती कुणालाच नेऊ देत नाही, फुकट असला तरी. मग विचारते, "मिसुआ टाकतेस का?" बाई चाचरली की व्हिसिंग अशी काही ओरडते की रस्त्यावरचं कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन बसतं. आणि शेवटी आवाज खाली आणून एकच विचारते. "घरात तुला खायला देतात का, का तू खात नाहीस?"

या प्रश्नावर बायका बहुतेक वेळा नखांकडे बघत बसतात. मग व्हिसिंग त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी जाते, लंगडत, आणि त्यांच्या सुनांशी बोलते.

तुमच्या घरात व्हिसिंग येणार नाही. झांबोआंगा लांब आहे. म्हणून तुम्हाला एवढंच मागणं. तुमच्याकडे साखरेपायी भात-भाकरी सोडलेली एखादी बाई असेल, आई, सासू, मावशी, जी वाढताना दरवेळी आपला तुकडा तुमच्या ताटात सरकवते, तर आज दुपारी तिच्या ताटात पूर्ण वाढा. आणि ती जेवत असेल तेवढा वेळ जरा भिंतीकडे तोंड करून बसा.